पाच मशीन आणि एकच नंबर: ग्रुप मेसेजिंग भरवशाचं कसं करायचं

ग्रुप मेसेजिंग म्हणजे इथं व्हॉट्सॲप नव्हे, तर बऱ्याच मशीननी एकमेकांना मेसेज पाठवून सगळ्यांकडं तेच चित्र ठेवणं. आधी काय झालं ते सांगतो, मग कसं करायचं ते. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे, आणि जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यासाठी गाडीतळावरच्या नंबरचं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं होतं. ज्यांनी गाडीतळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊस भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली गेटवर आली की तिला नंबर मिळतो, त्या नंबरानं ती काट्यावर जाते, वजन होतं, मग गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस रिकामा होतो, आणि या एका नंबरासाठी ड्रायव्हर लोक थंडीत अख्खी रात्र ट्रॅक्टरवर घोंगडं पांघरून काढतात. त्यामुळं नंबर मागंपुढं झाला तर भांडण होतंच, आणि ते भांडण बरोबर असतं.

मशीन पाच होती: दोन गेट, दोन काटे आणि एक केन ऑफिस, म्हणजे ऊस विभागाचं ऑफिस. प्रत्येक मशीन बाकी चौघांशी टीसीपी (दोन मशीनमध्ये डेटा न हरवता, क्रमानं पोचवणारी नेहमीची पद्धत) कनेक्शन धरून बसायचं आणि जिवंत असलेल्यांपैकी सगळ्यात लहान आयडीचं मशीन नंबर द्यायचं, बास, एवढंच डिझाइन. ऑफिसात टेबलावर पाच मशीन मांडून महिनाभर चालवलं, एक नंबर चुकला नाही. मग हंगामात एका रात्री मधल्या नेटवर्क स्विचची, म्हणजे सगळ्या मशीनच्या केबल जोडणाऱ्या डब्याची, पॉवर काही सेकंद गेली, एक गेट आणि एक काटा अलीकडं राहिले, बाकी तीन पलीकडं, आणि दोन्ही बाजूंना वाटलं की समोरचे मेले. दोन्हीकडं नंबर देणारा तयार झाला. सकाळी काट्यावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर, दोघांच्या हातात ४१३ ची चिठ्ठी, दोन्ही आमच्याच प्रोग्रॅमनं छापलेल्या. तिथले वयस्कर नंबर टेकर, त्यांना सगळे मामाच म्हणतात, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, मी चहाला जातो तवा वही दुसऱ्याच्या हातात दिऊन जातो. दुसरी वही काढत न्हाई."

त्या एका वाक्यात अख्खा विषय आहे. मेसेज पोचवणं हा सोपा भाग आहे, तो टीसीपी बऱ्यापैकी करतो. अवघड भाग हा की आत्ता गटात कोण आहे आणि वही कुणाच्या हातात आहे ही बातमीसुद्धा एक मेसेजच आहे, आणि ती बाकी मेसेजच्या सोबत, त्याच रांगेत, सगळ्यांना एकाच जागी मिळाली पाहिजे. हे जमलं की बाकीचं जमतं.

आता कसं करायचं. कोडला हात लावायच्या आधी कागद घ्या आणि प्रत्येक प्रकारच्या मेसेजपुढं लिहा की त्याला नेमका किती क्रम लागतो. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि लोक हेच सोडतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सगळं कोल्हापूर बघत असतं, ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. समजा अशी पातळी तुम्ही पाच ठिकाणच्या बोर्डांवर पाठवताय, तर एकाच सेन्सरचे आकडे पाठवलेल्या क्रमानं आले की झालं, मधला एखादा हुकला तरी पुढचा आकडा आल्यावर सगळं ठीक होतं. याला म्हणतात फिफो, आणि त्यासाठी मोठं काही लागत नाही. पण केन ऑफिसनं "४१३ ला आधी घ्या" असं पाठवलं आणि त्याला उत्तर म्हणून काट्यानं "घेतली" पाठवलं, तर गेटवर "घेतली" आधी आणि "आधी घ्या" नंतर दिसून चालणार नाही, कारण दुसरा मेसेज पहिल्यामुळं जन्माला आलाय, इथं कॉजल क्रम लागतो. आणि नंबर देणं? दोन गेटवर दोन गाड्या एकाच क्षणी आल्या, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी पाचही मशीनला तोच एक क्रम दिसला पाहिजे. कोणती आधी याला तितकं महत्त्व नाही, सगळीकडं तीच आधी असली पाहिजे याला आहे. हा टोटल ऑर्डर, आणि महाग तोच पडतो. म्हणून जिथं लागतो तिथंच लावा.

काही जण म्हणतील की मेसेजवर वेळ टाकू आणि वेळेनुसार सॉर्ट करू. करू नका. दोन मशीनची घड्याळं कधीच अगदी जुळत नाहीत, एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी सोय, लावलं तरी थोडा फरक राहतो, आणि त्याहून मोठी अडचण ही की तुमच्याकडं १०:१५:०३ चा मेसेज आलाय पण दुसरीकडून १०:१५:०२ चा अजून वाटेत आहे का हे तुम्हाला कळणार कसं? लेस्ली लॅम्पोर्टनं १९७८ मध्येच दाखवून दिलंय की घड्याळावर न विसंबता नुसते मोजणीचे आकडे मेसेजसोबत पाठवून क्रम लावता येतो, प्रत्येक जण आपला आकडा वाढवतो आणि आलेला आकडा मोठा असला तर त्याच्या पुढं जातो. आज वापरात असलेल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी हाच विचार आहे.

कागद झाला की दोन शब्द डोक्यात पक्के करा, रिसीव्ह आणि डिलिव्हर. मेसेज मशीनवर आला म्हणजे रिसीव्ह. तो तुमच्या ॲप्लिकेशनच्या हातात दिला म्हणजे डिलिव्हर. या दोन्हीच्या मध्ये एक थांबण्याची जागा असते, आणि सगळी जादू तिथं आहे. मेसेज आलाय पण त्याच्या आधीचा आला नाही, तर थांबवा. आलाय पण बाकीच्यांकडं पोचला का माहीत नाही, तर थांबवा. टीसीपीची पोच मिळाली म्हणजे समोरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये बाइट पडले एवढंच, प्रोग्रॅमनं ते वाचले असा त्याचा अर्थ नाही, हे मला स्वतःला पटायला एक हंगाम लागला.

आता तो मेंबरशिपचा, म्हणजे गटात कोण आहे याचा, भाग जरा जवळून बघू, कारण इथंच सगळ्यांची गाडी अडकते. समजा गटाची आत्ताची यादी म्हणजे व्ह्यू ७, त्यात पाचही मशीन. गेट २ नं "गाडी आली, नंबर ४१३" असा मेसेज पाठवायला घेतला, काटा १ आणि ऑफिसला पोचला, आणि तेवढ्यात गेट २ बंद पडलं. गेट १ आणि काटा २ ला या ४१३ चा पत्ताच नाही. आता जर काटा १ नं मेसेज आला म्हणून लगेच कामाला सुरुवात केली आणि गेट १ नं गेट २ मेलं म्हणून पुढच्या गाडीला ४१३ दिला, तर परत तेच भांडण. म्हणून नवी यादी, म्हणजे व्ह्यू ८, लागू व्हायच्या आधी उरलेले चौघं थांबतात आणि एकमेकांना विचारतात की व्ह्यू ७ मधलं तुझ्याकडं काय काय आलंय. काटा १ म्हणतो माझ्याकडं ४१३ आहे, तो बाकीच्यांना देतो, चौघंही आधी ४१३ डिलिव्हर करतात आणि मग व्ह्यू ८ डिलिव्हर करतात. म्हणजे वाचलेल्या प्रत्येकाला व्ह्यू ७ मध्ये अगदी तेवढेच मेसेज दिसले, ना एक कमी ना एक जास्त. याला व्हर्च्युअल सिंक्रोनी म्हणतात, १९८० च्या दशकात कॉर्नेल युनिव्हर्सिटीत केन बर्मन आणि त्यांच्या टीमनं आयसिस नावाच्या सिस्टिममध्ये हे केलं आणि पुढं न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातसुद्धा ती वापरली गेली. मामांची वही हातातून हातात जाते ती अशीच, शेवटची ओळ दोघांनी बघितली की मगच.

पण अजून एक भोक आहे. गेट २ नं चिठ्ठी छापली, ड्रायव्हर घेऊन गेला, आणि मेसेज एकालाही पोचायच्या आधी मशीन मेलं तर? चौघांचं आपसात अगदी जुळतंय, पण कागद बाहेर फिरतोय. म्हणून नियम असा करा: जे काम परत घेता येत नाही, म्हणजे चिठ्ठी छापणं, पैसे देणं, बूम बॅरियर उघडणं, ते मेसेज पुरेशा जणांकडं पोचलाय याची खात्री झाल्यावरच करायचं. काही सिस्टिममध्ये याला सेफ डिलिव्हरी म्हणतात, म्हणजे यादीतल्या सगळ्यांकडं मेसेज पोचलाय हे कळल्यावरच तो हातात येतो. रॅफ्ट ही एक लीडर निवडून त्याच्यामार्फत सगळ्यांचा क्रम एक ठेवायची पद्धत आहे, तसल्या पद्धतीत अर्ध्यापेक्षा जास्त जणांनी डिस्कवर लिहिलं की तो मेसेज पक्का. यात काही मिलिसेकंद जातात, जाऊ देत, चिठ्ठीला थोडा उशीर झाला म्हणून गाडीतळावर कुणाचं काही बिघडत नाही.

मग यादी कधी बदलायची, म्हणजे एखादं मशीन मेलं असं कधी म्हणायचं? इथं एक कटू गोष्ट आधी मान्य करा. मेलेलं मशीन आणि हळू चालणारं मशीन बाहेरून सारखंच दिसतं. फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की मेसेजला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एखादंच मशीन बंद पडण्याची शक्यता असेल, तरी सगळे नक्की एकमतावर येतीलच अशी ठाम पद्धत असू शकत नाही. म्हणून आपण टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची याची मर्यादा, लावतो, आणि टाइमआउट हा अंदाजच असतो. तो लहान ठेवला तर जरा नेटवर्क अडखळलं की यादी बदलत बसते, मोठा ठेवला तर खरंच मेलेल्याची वाट बघत सगळे थांबतात. एटसीडी हा बऱ्याच मशीनवर मिळून माहिती जपणारा, रॅफ्टवर चालणारा तयार प्रोग्रॅम आहे; त्यात हार्टबीट, म्हणजे लीडरची "मी जिवंत आहे" ही खूण, मुळात दर १०० मिलिसेकंदांनी असते आणि इलेक्शन टाइमआउट, म्हणजे ती खूण न आल्यास नवा लीडर निवडायला लागण्याआधीची वाट, १००० मिलिसेकंद असतो, आणि मेसेज जाऊन येण्याच्या वेळेच्या किमान १० पट इलेक्शन टाइमआउट ठेवा असं ते सांगतात. हा हिशोब चांगला आहे, पण जाऊन येण्याचा वेळ टेबलावर मोजू नका, जागेवर मोजा, गर्दीच्या वेळी मोजा.

अंदाज चुकणार हे मान्य केलं की बहुमत लागतंच, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त मशीन ज्या बाजूला असतील तीच बाजू पुढं जाणार. तीन मशीन असतील तर एक गेलेलं चालतं, पाच असतील तर दोन, आणि चार घेऊन काही फायदा नाही कारण चारातही एकच गेलेलं चालतं. आमच्या त्या रात्री हा नियम असता तर दोघांच्या बाजूनं मुकाट थांबायला पाहिजे होतं आणि तिघांच्या बाजूनं पुढं जायला. पण थांबायचं म्हणजे काय करायचं हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, ते कारखान्यात बसून ठरवावं लागतं. आम्ही मामांना विचारलं. ठरलं असं की नेटवर्क तुटलं आणि आपलं गेट कमी संख्येच्या बाजूला राहिलं तर स्क्रीन लाल होणार, नंबर मिळणार नाही, ड्रायव्हरला गाडीचा नंबर आणि आल्याची वेळ लिहिलेली हातचिठ्ठी द्यायची, आणि जोडणी परत आली की त्या चिठ्ठ्या आल्या तशा क्रमानं सिस्टिममध्ये घालायच्या. हे लिहून गेटच्या केबिनमध्ये भिंतीवर लावलंय. तुमच्या ॲपमध्येसुद्धा कमी संख्येच्या बाजूला काय होणार हे पहिल्या दिवशी ठरवा, नाहीतर ऐन वेळी कुणीतरी वैतागून ती अट बंद करतो.

टूल कोणतं घ्यायचं यावर फार वेळ घालवू नका, पण स्वतः लिहायला जाऊ नका हे मात्र हात जोडून सांगतो. जावामध्ये असाल तर जेग्रुप्स ही ग्रुप मेसेजिंगची लायब्ररी बघा, त्यात थर एकावर एक रचता येतात, हरवलेला मेसेज परत मागणं, यादी सांभाळणं, तुटलेले गट परत जोडणं, सगळं वेगवेगळ्या थरात. पण टोटल ऑर्डरसाठी सीक्वेन्सर (सगळ्या मेसेजना क्रमांक देणारा) आणि यादी बदलताना थांबण्यासाठी फ्लश हे थर आपण स्वतः घालावे लागतात, आपोआप असतील असं धरून चालू नका. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये असाल तर स्प्रेड आहे, जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीतून आलेलं, त्यात प्रत्येक मेसेज पाठवताना अनरिलायबल, रिलायबल, फिफो, कॉजल, ॲग्रीड की सेफ हे तुम्ही सांगता, त्यामुळं वर बनवलेला कागद तसाच्या तसा कोडमध्ये उतरतो. शिकायला मला तेच सगळ्यात आवडलं. लिनक्सवर कोरोसिंक आहे, त्यात टोटेम पद्धतीनं एक टोकन गोल फिरतं आणि ज्याच्या हातात टोकन तोच मेसेज पाठवतो, सगळे मेसेज त्या टोकनवरच्या आकड्यानं ओळीत लागतात, म्हणजे वही गोल फिरते म्हणा ना.

आणि मेसेज सेकंदाला हजारोंनी नसतील, पण लाइट गेली तरी काही हरवून चालणार नसेल, तर सरळ एटसीडी किंवा त्याच जातीचं झूकीपर घ्या. आम्ही शेवटी एटसीडी घेतलं. प्रत्येक बदलाला त्यात एक वाढत जाणारा रिव्हिजन आकडा असतो, तोच आपला टोटल ऑर्डर, आणि मशीन मध्येच बंद पडून परत आलं तर शेवटच्या बघितलेल्या रिव्हिजनच्या पुढून वाचायला सुरुवात करता येते, फक्त फार जुना इतिहास साफ झालेला असेल तर आधी सगळी सध्याची स्थिती घ्यावी लागते. एक खर्च धरून ठेवा, एसएसडी लावा. प्रत्येक लिखाण खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री होईपर्यंत ते थांबतं, त्यामुळं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सगळं अडखळायला लागतं आणि लीडर उगीच बदलत राहतो. बरेच जण विचारतात की एमक्यूटीटीला (ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत मेसेज पाठवायची पद्धत) क्यूओएस २, म्हणजे प्रत्येक मेसेज नक्की एकदाच पोचेल अशी सेटिंग, लावलं की झालं ना? नाही झालं. ती हमी क्लायंट आणि ब्रोकर या दोघांमधली आहे, सगळ्या गटाला एकच क्रम दिसेल अशी नाही.

नेटवर्ककडं वळू. एकच मेसेज पाच जणांना पाठवायचाय तर मल्टिकास्ट लै मोहात पाडतं, एकदा पाठवा आणि स्विच सगळ्यांना देईल. करायचंच असेल तर पत्ता २३९ पासून सुरू होणाऱ्या रेंजमधला घ्या, ती खासगी वापरासाठी ठेवलेली आहे. आणि एक लक्षण लक्षात ठेवा, यानं आमचे दोन दिवस खाल्ले: सगळं चालू केलं की मस्त चालतं, आणि चार-सव्वाचार मिनिटांनी एकदम मेसेज यायचे बंद होतात. कारण स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मल्टिकास्ट कुणाला हवंय हे बघून त्यांनाच देण्याची सोय, चालू असतं पण नेटवर्कमध्ये ते अधूनमधून विचारणारा क्वेरिअर कुणीच नसतो, मग कोण ऐकतंय हे परत कुणी विचारत नाही आणि साधारण २६० सेकंदांनी स्विच समजतो की कुणालाच नको आहे. स्विचवर क्वेरिअर चालू करा, सुटतं. वायफायवर मल्टिकास्ट शक्यतो टाळा, तिथं ते कमी वेगानं जातं आणि त्याची पोचही नसते, म्हणून हरवतं. खरं सांगायचं तर पाच-सात मशीनसाठी मल्टिकास्टची गरजच नाही, साधं टीसीपी पुरतं.

आता ॲप्लिकेशनच्या कोडबद्दल, इथं तीन गोष्टी सांभाळा. प्रत्येक विनंतीला पाठवणाऱ्यानंच एक वेगळा आयडी द्यायचा, मशीनचं नाव आणि पुढं वाढता आकडा एवढं पुरे. गेटनं नंबर मागितला, उत्तर आलं नाही, परत मागितला, आणि खरं तर पहिली विनंती पोचली होती, तर आयडी नसेल तर एकाच गाडीला दोन नंबर जातात. लीडर मधेच मेला तर विनंती टिकली की गेली हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, त्याच आयडीनं परत पाठवणं हाच उपाय. दुसरं, डिलिव्हर झालेला मेसेज हाताळताना त्या मशीनची वेळ, रँडम आकडा किंवा कुठली लोकल फाइल वाचू नका. वेळ लागत असेल तर पाठवणाऱ्यानं मेसेजमध्येच घालावी. तेच मेसेज त्याच क्रमानं आले की सगळीकडं तोच निकाल आला पाहिजे, नाहीतर क्रमाचा उपयोग काय. तिसरं, नवीन किंवा परत आलेलं मशीन. त्याला जुनी स्थिती द्यायची असते, आणि हमखास चूक ही होते की स्थितीची कॉपी पोचेपर्यंत मधले मेसेज निसटतात. म्हणून "मी आलो" हा मेसेजसुद्धा त्याच रांगेत टाका, तो जिथं डिलिव्हर होईल नेमकी तिथपर्यंतची स्थिती जुन्या मेंबरनं द्यायची, आणि नव्यानं त्याच्या पुढचे मेसेज तोपर्यंत बाजूला साठवायचे.

एक मशीन हळू असेल तर काय? पाठवणाऱ्यांचा वेग त्याच्यासाठी कमी करावा लागतो, नाहीतर बाकीच्यांच्या मेमरीत त्याच्यासाठी ठेवलेले मेसेज साठत जातात. ठरावीक मर्यादेपुढं त्याला सरळ यादीतून काढा, नंतर परत आत येईल.

शेवटी टेस्टिंग, आणि हे टेबलावर बसून सगळं चालवून बघता येतं. केबल काढणं सगळे करतात. त्यापेक्षा प्रोसेसला सिगस्टॉप (चालता प्रोग्रॅम थांबवणारा लिनक्सचा सिग्नल) पाठवून दोन मिनिटं गोठवा आणि मग सोडा, हे लै त्रासदायक असतं, कारण जागं झाल्यावर त्याला वाटतं आपणच अजून लीडर आहोत आणि वही आपल्याच हातात आहे. त्याचं जुनं काम बाकीच्यांनी नाकारलं पाहिजे. मग एकाच दिशेचे पॅकेट अडवा, म्हणजे अ चं ब ला जातंय पण ब चं अ ला येत नाही. लिनक्समधल्या नेटएम या खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सोयीनं थोडे पॅकेट हरवा, उशीर घाला, आणि हे सगळं एका वेळी चालू ठेवून रात्रभर खोट्या गाड्या सोडा. बरोबर चाललंय का हे बघायला एक सोपी युक्ती आहे: प्रत्येक मशीननं डिलिव्हर झालेल्या प्रत्येक मेसेजचा हॅश (मजकुरावरून काढलेला, त्यात जरा बदल झाला तरी बदलणारा आकडा) आधीच्या हॅशला जोडून नवा हॅश काढायचा आणि दर १०० मेसेजनंतर लॉगमध्ये लिहायचा. सकाळी पाचही लॉग शेजारी उघडा. चारशेव्या मेसेजला पाचही ठिकाणी तोच हॅश असेल तर तिथपर्यंत सगळ्यांनी तेच, त्याच क्रमात बघितलंय. पाचशेव्याला एखाद्याचा वेगळा निघाला तर गडबड या दोन्हीच्या मधल्या शंभरात आहे, तेवढेच मेसेज ओळीनं वाचत जा, आणि त्याच सुमारास व्ह्यू किंवा लीडर बदललाय का ते पहिल्यांदा बघा.